पुराण मार्ग आणि नवा महामार्ग : सातारा-सांगलीच्या पांढरीचे काय?

संयुत्तनिकायाच्या निदानवग्गात 'नगरसुत्त' नावाचे एक छोटे सुत्त आहे. त्यात तथागतांनी एक दृष्टान्त दिला आहे. अरण्यातून हिंडणाऱ्या एका माणसाला पूर्वीच्या लोकांनी तुडविलेली एक जुनी वाट दिसते. त्या वाटेने तो पुढे जातो, तेव्हा उद्याने, पुष्करिणी आणि तटाची जोती असलेले एक प्राचीन नगर त्याच्या दृष्टीस पडते. परत येऊन तो राजाला किंवा राजाच्या महामात्याला हे सांगतो, हे नगर पुन्हा वसवावे अशी विनंती करतो, आणि राजा ते वसवितो. पूर्वीच्या सम्यक्संबुद्धांनी चोखाळलेला आर्य अष्टांगिक मार्ग आपल्याला असाच गवसला, हे सांगण्यासाठी हा दृष्टान्त आलेला आहे. तो पुरातत्त्वविद्येचा पाठ म्हणून सांगितलेला नाही, याची जाणीव ठेवूनही त्यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. नगर सापडणे हे त्या माणसाचे अर्धेच काम होते. परत येऊन ते सांगणे हे उरलेले अर्धे काम, आणि त्यावाचून नगर पुन्हा वसले नसते.

आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून नवे रस्ते जात आहेत. जुना पुणे-बंगळूर रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४ व आताचा क्र. ४८, शिरवळ, सातारा, उंब्रज, कराड आणि पेठ नाक्यावरून कोल्हापूरकडे उतरतो. या शतकाच्या आरंभी तो चौपदरी झाला आणि पुढे त्याच्या सातारा-कागल टप्प्याचे सहापदरीकरण हाती घेण्यात आले. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सांगली-मिरजेवरून कवठे महांकाळकडे जातो. या सर्व खोदकामात जुन्या वस्त्या लागत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु दृष्टान्तातल्या माणसाप्रमाणे परत येऊन सांगणारा कोण, या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेत उत्तर नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे न मिळणारे उत्तर आहे. त्यासाठी रस्ते बांधणाऱ्यांना दोष देऊन थांबता येणार नाही. उत्खनन करणारे विद्वान, इतिहास लिहिणारे अभ्यासक आणि आपण बौद्ध वाचक, या तिघांचीही चिकित्सा करावी लागेल.

१. मार्ग आणि धम्म

रस्ता हा धम्माचा शत्रू नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांचा स्तूप चार महापथ मिळतात त्या ठिकाणी उभारावा असा निर्देश आहे. दख्खनमधील लेणी घाटवाटांच्या तोंडाशी कोरली गेली, ती सार्थवाहांच्या आणि श्रेष्ठींच्या दानामुळे. कराडचेच उदाहरण घ्यावे. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावर 'करहकट' येथील निगमाने दिलेल्या दानाचा लेख आहे. हे करहकट म्हणजे आजचे कराड. कोकणात कुडे येथील लेण्यांत करहाकडच्या एका लोहवाण्याने दिलेल्या लेण्याचा लेख आहे. लोखंडाचा एक व्यापारी कृष्णाकाठाहून सह्याद्री उतरून समुद्राजवळच्या विहाराला दान देतो, तर एका नगराचा निगम शेकडो कोस दूर असलेल्या स्तूपाच्या बांधकामाला हातभार लावतो. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी आहेत. त्यांपैकी एका लेण्यावर गोपालपुत्र संघमित्राच्या दानाचा उल्लेख आहे. शिरवळ आणि वाईजवळचे लोहारे येथील लेणीही याच मार्गांच्या जाळ्यावर आहेत.

नवा महामार्ग पुष्कळ ठिकाणी याच जुन्या मार्गांच्या अंगाने जातो. नदीचे उतार, घाटाची खिंड आणि बाजाराचे गाव या गोष्टी दोन हजार वर्षांत फारशा हललेल्या नाहीत. म्हणूनच या पट्ट्यात जुन्या वस्तीचे अवशेष लागण्याचा संभव इतर ठिकाणांहून अधिक आहे. रस्त्याचा अभियंता आणि प्राचीन सार्थवाह यांनी एकाच भूगोलाचा सल्ला घेतला आहे.

२. ताम्रपटांनी लिहिलेला इतिहास

सातवाहनकाळाविषयी लेण्यांमुळे आपल्याला बरेच काही कळते. प्रश्न उपस्थित होतो तो त्यानंतरच्या काळाविषयी, म्हणजे सहाव्या-सातव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंतच्या पूर्वमध्ययुगाविषयी. या दोन जिल्ह्यांचा या सहाशे वर्षांचा इतिहास मुख्यत्वे ताम्रपटांवर रचलेला आहे. सातव्या शतकाच्या आरंभीचा चालुक्य विष्णुवर्धनाचा सातारा ताम्रपट, राष्ट्रकूट गोविंद चौथा याचा शके ८५५ चा सांगली ताम्रपट, कृष्ण तिसरा याचा शके ८८० चा कऱ्हाड ताम्रपट, कल्याणीच्या जयसिंहाचा शके ९४६ चा मिरज ताम्रपट, ही नावे प्रत्येक ग्रंथात येतात. सांगली ताम्रपटात पुंड्रवर्धनाहून आलेल्या केशव दीक्षित नावाच्या ब्राह्मणाला गाव दिल्याची नोंद आहे. कऱ्हाड ताम्रपटात करहाट येथील शैव आचार्य गगनशिव याला दिलेल्या दानाची नोंद आहे.

या साधनांचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. राजवंशांच्या वंशावळी, कालगणना आणि प्रादेशिक विभागांची नावे त्यांच्यामुळेच निश्चित झाली. परंतु ताम्रपट ही मालकीहक्काची कागदपत्रे आहेत, हे विसरून चालणार नाही. ज्याला जमीन मिळाली त्याचे नाव त्यात येते. ज्याने ती कसली, ज्याने मेलेली गुरे ओढली, ज्याने वेशीवर पहारा केला त्याचे नाव येत नाही. एखाद्या गावात कोणी भिक्षू राहात होता की नाही, हे त्याला राजाने जमीन दिली नसेल तर ताम्रपट कधीच सांगणार नाही. असे असूनही, या ताम्रपटांत बौद्ध दिसत नाहीत एवढ्याच आधारावर सातव्या-आठव्या शतकानंतर या प्रदेशातून बौद्ध धम्म नाहीसा झाला असे विधान अनेक ग्रंथांत सहजपणे केले जाते. साधन मुळात जे सांगू शकत नाही ते त्याने सांगितले नाही, एवढ्यावरून ते घडलेच नाही असा निष्कर्ष काढणे ही तर्कदृष्ट्या उणीव आहे.

या निष्कर्षाला छेद देणारा पुरावा ताम्रपटांतच आहे. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील गंडरादित्याचा शके १०३२ चा, म्हणजे इ.स. १११० चा, तळाले येथील ताम्रपट सर्वश्रुत आहे. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या आपल्या इतिहासग्रंथात त्याची दखल घेतली होती आणि वा. वि. मिराशी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिलाहार लेखांच्या संग्रहात तो समाविष्ट केला. मिरज देशातील इरुकुडी येथे गंडरादित्याने 'गंडसमुद्र' नावाचे तळे बांधले, त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत यांची स्थापना केली, आणि या प्रत्येकासाठी जमीन तोडून दिली, असे त्यात म्हटले आहे.

हा उल्लेख आपल्याकडे मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. म्हणूनच त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे काटेकोरपणे पाहिले पाहिजे. बुद्धाला विष्णूचा अवतार समजून केलेली ही स्थापना असावी, ही शंका येथे टिकत नाही. ईश्वर आणि अर्हत यांच्या जोडीने स्वतंत्र उल्लेख आणि स्वतंत्र जमीन यांवरून हे तिसरे, वेगळे धर्मस्थान होते असेच मानावे लागते. मात्र तेथे भिक्षुसंघ होता, उपासकांची वस्ती होती, किंवा ते स्थान पुढे किती वर्षे चालले, यांपैकी काहीही हा ताम्रपट सांगत नाही. हे एका राजाचे दान आहे. त्याच्याभोवतीचा समाज ताम्रपटात नाही. तो सापडलाच तर मातीत सापडेल.

शेजारच्या प्रदेशांतील पुरावा या शक्यतेला बळ देणारा आहे. कान्हेरीला नवव्या शतकातही दाने दिली जात होती, हे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील तेथील लेखांवरून दिसते. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांचा अभ्यास म. न. देशपांडे यांनी प्रसिद्ध केला, आणि कोकणातील वज्रयान परंपरेचा नवा अध्याय उजेडात आला. आजच्या कर्नाटकातील बळ्ळिगावे येथे १०६५ मध्ये एक बौद्ध विहार बांधला गेला. डंबळ येथे १०९५ च्या सुमारास सोळा शेट्टींनी विहार उभारल्याचा लेख आहे. गंडरादित्याचे दान या मालिकेतच ठेवून पाहिले पाहिजे. अकराव्या-बाराव्या शतकात कृष्णा-वारणेच्या पश्चिमेला बौद्ध स्थाने होती आणि दक्षिणेलाही होती. मधला पट्टा मात्र रिकामा दिसतो. तो खरोखर रिकामा होता की आपण तो खोदून पाहिला नाही, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

३. उत्खनकांची घाई

आता उत्खननांकडे वळू. कराड येथे डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर प्रा. कुंदनगार यांचे काम झाले होते आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये आला. ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आणि इतर रोमन वस्तू यांनी कोल्हापूरचे नाव जगभर पोहोचविले.

या विद्वानांच्या कष्टाविषयी आदर बाळगूनच टीका केली पाहिजे. त्या पिढीने साधने तुटपुंजी असताना दख्खनच्या पुरातत्त्वाचा पाया घातला. परंतु त्यांचे प्रश्न ठरलेले होते. पहिला प्रश्न, ही वस्ती किती प्राचीन? दुसरा प्रश्न, तिचा रोमशी संबंध होता काय? या दोन प्रश्नांची उत्तरे खालच्या थरांत मिळतात, म्हणून खणणाऱ्याची नजर खाली लागलेली असते. ब्रह्मपुरीच्या अहवालाचा भार सातवाहन आणि बहमनी या दोन वस्त्यांवर आहे. शिलाहार जेथे राज्य करीत होते त्या नगरातच शिलाहारकाळ या दोहोंच्या मध्ये चेपला गेला आहे. शिलाहार राजांचे ताम्रपट डझनांनी छापले गेले, पण त्यांच्या प्रजेच्या चुली, परसू, विहिरी आणि उकिरडे यांच्यावर तसे एकही प्रकरण लिहिले गेले नाही.

याला पद्धतीचेही कारण आहे. चार-पाच खड्डे खोल खणले की कालानुक्रम मिळतो, परंतु वस्तीचा आराखडा मिळत नाही. कोण कोठे राहात होते, हे आडव्या, विस्तृत उत्खननातूनच दिसते. हे महाराष्ट्रात अशक्य नव्हते, याचा दाखला इनामगावने दिला. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावात १९६८ ते १९८३ या काळात सलग खोदकाम झाले. १३० हून अधिक घरे उघडी झाली. गावाच्या मध्यभागी कोण राहात होते आणि कारागिरांची घरे कोणत्या कडेला होती, याविषयी म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सप्रमाण बोलता आले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाची समाजरचना आपण सांगू शकतो, मात्र हजार वर्षांपूर्वीच्या गावाची सांगू शकत नाही, ही विसंगती दख्खनच्या पुरातत्त्वाने आजवर पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

४. पांढरी आणि गावकूस

आपल्या ग्रामीण भाषेत शेतीच्या जमिनीला 'काळी' आणि गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. हा रंगभेद खरा आहे. शेकडो वर्षे चुलीची राख, शेण, भिंतींचा चिखल आणि खापरे साचून वस्तीची माती पांढुरकी होते. पूर्वेकडील खटाव, माण, जत या कोरड्या भागांत धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी जुन्या पांढरीची माती आणली जात असे, शेतातही टाकली जात असे. जेथे वस्ती उठून गेली त्या गावाची महसुली दप्तरात 'बेचिराख' म्हणून नोंद होई. पांढरीचे टेकाड म्हणजे इतिहासाचे न वाचलेले पुस्तक, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. म्हणून साध्या शब्दांत सांगतो : त्या टेकाडाचा सर्वांत वरचा थर हा बहुधा सर्वांत अलीकडचा, म्हणजे अनेकदा पूर्वमध्ययुगीन व मध्ययुगीन वस्तीचा असतो, आणि यंत्राचे पाते प्रथम तोच थर उचलते.

रस्त्याचे काम पांढरीला दोन प्रकारे गाठते. एक, रस्ता थेट टेकाडातून जातो. दोन, भरावासाठी माती आणि मुरूम हवा असतो आणि ओसाड टेकाड हे सर्वांत स्वस्त. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण रस्त्याच्या नकाशावर ते टेकाड नसतेच. काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातील एका गावालगत प्रस्तुत लेखकाने असे अर्धे कापलेले टेकाड पाहिले. उभ्या कापात राखेचा पट्टा, त्याखाली विटांची एक ओळ आणि सर्वत्र खापरे दिसत होती. मजुरांना ती दिसत होती, मुकादमालाही दिसत होती. कोणी काही लपवीत नव्हते. हे कोणाला सांगायचे असते, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावयास हवा. आजकाल महामार्ग गावातून जात नाहीत, गावाला वळसा घालतात. हा वळणरस्ता गावकुसाच्या बाहेरून जातो. गावकुसाबाहेर कोण राहात होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. गावाची गढी, मंदिर आणि बाजार यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष असते, म्हणून गावाचा मध्य त्या मानाने सुरक्षित राहतो. कडेची वस्ती दुर्लक्षित असते, आणि रस्ता नेमका कडेने जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अस्पृश्य हे मूळचे वाताहत झालेल्या टोळ्यांतील लोक होते. ते गावाबाहेर वसले, त्यांनी बौद्ध धम्म सोडला नाही, आणि इ.स. ४०० च्या सुमारास त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. जेथे दुवे निखळलेले आहेत तेथे अनुमानाने ते जोडावे लागतात, हे बाबासाहेबांनी स्वतः त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडले आहे. या सिद्धान्ताचे समर्थन करणारे आणि खंडन करणारे दोघेही गेली अनेक दशके ग्रंथांच्याच आधारे वाद घालीत आले आहेत. परंतु तो सिद्धान्त मातीत तपासता येण्याजोगा आहे. गावकुसाबाहेरची वस्ती कोणत्या शतकापासून वेगळी दिसते? तिची भांडी, तिचे अन्न, तिच्या प्राण्यांची हाडे गावातल्या वस्तीपेक्षा वेगळी आहेत काय? तेथे छोटे स्तूप, मातीच्या मुद्रा अथवा प्रतिमा मिळतात काय? या प्रश्नांची उत्तरे चौथ्या ते बाराव्या शतकांतील वस्त्यांच्या कडेच्या थरांत आहेत. ते थर भरावाच्या डंपरमधून गेले की बाबासाहेबांचा सिद्धान्त खराही ठरणार नाही आणि खोटाही ठरणार नाही. तो कायमचा तपासण्यापलीकडे जाईल. आपल्या दृष्टीने यापेक्षा मोठी हानी कोणती?

सातारा जिल्ह्यातील रस्त्यांशी बाबासाहेबांची आणखी एक आठवण निगडित आहे. १९०१ मध्ये दुष्काळी कामावर असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी निघालेले बाल भीमराव आणि त्यांची भावंडे मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच गाडीवानांनी त्यांना नकार दिला, आणि पुढचा प्रवास त्यांनी पाण्यावाचून केला. वडील ज्या कामावर रोखपाल होते ते तलावाच्या खोदाईचे काम होते. या जिल्ह्याची माती कोणी खणली आणि या जिल्ह्याच्या रस्त्यांवर कोणाला पाणी मिळाले नाही, हे दोन्ही प्रश्न एकाच इतिहासातले आहेत.

५. कायद्याची दृष्टी

कायदा याविषयी काय म्हणतो? १९५८ चा केंद्रीय पुरातत्त्व कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई करते आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन करते. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे. परंतु हे संरक्षण घोषित स्थळांना मिळते. अघोषित पांढरीला ते लागू नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन घालतो. राखेच्या थराची आणि फुटक्या खापराची किंमत दहा रुपये होत नाही, म्हणून ती 'निधी' ठरत नाहीत. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत सांस्कृतिक महत्त्वाच्या संरक्षित क्षेत्रांची विचारणा आहे, मात्र काम सुरू होण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञाने मार्ग पायी तपासावा असे बंधन नाही. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने १०० किलोमीटरपर्यंतच्या महामार्ग-रुंदीकरणाला तर त्या परवानगीतूनच वगळले.

इतर देशांत काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजनविषयक मार्गदर्शिकेने आणि युरोपीय परिषदेच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर अनेक देशांनी असे तत्त्व स्वीकारले की, जो जमीन उकरतो त्यानेच आधीच्या उत्खननाचा खर्च सोसावा. त्यामुळे तेथील महामार्गांखाली सापडलेल्या लहान, सामान्य शेतकरीवस्त्यांवर विपुल लेखन झाले. राजवाड्यांपेक्षा सामान्यांच्या इतिहासाला त्याचा अधिक लाभ झाला.

भारतातही असे उदाहरण नाही असे नव्हे, आणि ते बौद्धांच्या दृष्टीने अभिमानाचे आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे उत्खनन १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली झाले. निवडक वास्तू उंचावरील बेटावर पुन्हा उभारल्या गेल्या. गुजरातमध्ये शामळाजीजवळ मेश्वो धरणापूर्वी बडोद्याच्या विद्यापीठाने १९६० ते १९६३ मध्ये देवनीमोरीचा स्तूप उत्खनित केला, आणि दशबलाच्या धातूंचा लेखांकित करंडक उजेडात आला. आज ती जागा पाण्याखाली आहे. ते उत्खनन झाले नसते तर पश्चिम भारतातील एक महत्त्वाचे चैत्यस्थान कोणाच्याही नकळत बुडाले असते. धरणासाठी जे करता आले ते रस्त्यासाठी का करता येऊ नये? धरणाचे पाणी संपूर्ण खोरे व्यापते, म्हणून हानी डोळ्यांत भरते. रस्ता अरुंद पट्टा घेतो, म्हणून ती दिसत नाही. वास्तविक, रस्ता म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काढलेला एक सलग खंदक होय. कोणत्याही विद्यापीठाला एवढा लांब खंदक खणण्यासाठी कधीच पैसे मिळणार नाहीत. तो खणला जातो आणि कोणी वाचीत नाही.

लोकांनी आवाज उठविला तर काय होते, हेही याच जिल्ह्याने दाखविले आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात मिरज तालुक्यातील भोसे येथील सुमारे चारशे वर्षांचा म्हटला जाणारा वटवृक्ष तोडला जाणार होता. २०२० मध्ये नागरिकांनी आंदोलन केले, मंत्रिपातळीवर पत्रव्यवहार झाला आणि झाड वाचविण्यासाठी आराखड्यात बदल करण्याचे ठरले. म्हणजे महामार्ग वळू शकतो. वृक्ष डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्यासाठी माणसे उभी राहिली. मातीखालच्या गावासाठी उभे राहायचे तर ते तेथे आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते.

६. आपला दोष

आता स्वतःकडे पाहू. बौद्ध अभ्यासक म्हणून आपण लेण्यांवर लिहितो, स्तूपांवर लिहितो, पण खापरांवर लिहीत नाही. लेणे दिसले की तेथे वंदनेला जातो, पांढरीवरून मात्र चालत निघून जातो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पुराव्याअभावी काही जण प्रत्येक जुन्या मंदिराखाली विहार असल्याचे सांगू लागतात, आणि कोठे कोरीव दगड सापडला की स्वतःच फावडे घेऊन खणू लागतात. थर न नोंदता बाहेर काढलेली बुद्धमूर्तीदेखील इतिहासाला मुकी होते. ती कोणत्या शतकात, कोणत्या घरात, कोणाबरोबर होती हे ती मग सांगू शकत नाही. कालामांना दिलेला उपदेश आपण इतरांना ऐकवतो. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, केवळ तर्कावर विसंबू नये हा त्यातील विवेक आपल्या स्वतःच्या विधानांनाही लावला पाहिजे. मिरज देशातील उत्खननात बौद्ध अवशेष मिळाले नाहीत, तर तेही मान्य करण्याची तयारी हवी. पुराव्याची मागणी आपण अनुकूल उत्तरासाठी करीत नाही, तर सत्यासाठी करतो.

विनयपिटकात भिक्षूने जमीन खणू नये असा पाचित्तिय नियम आहे. आळवीच्या भिक्षूंच्या बांधकामावरून तो घालून दिला गेला. तेथे 'जाता पठवी' आणि 'अजाता पठवी' असा भेद केलेला आहे. ज्या मातीत जीव आहे ती जाता. जेथे दगड, खडे, खापरेच अधिक आहेत ती अजाता, तिला हा निर्बंध नाही. खापरांची जमीन निर्जीव, हा विनयधरांचा निर्णय भिक्षूच्या शीलापुरता योग्यच होता. परंतु आजच्या अभ्यासकाला नेमकी तीच जमीन बोलकी असते, आणि तिच्यावर फावडे उगारण्यापूर्वी त्याने अधिक विचार केला पाहिजे.

७. काय करता येईल

मोठ्या मागण्या करणे सोपे असते. पुरातत्त्वीय सर्वेक्षणाशिवाय रस्त्याला परवानगी देऊ नये आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा, ही मागणी शासनाकडे केलीच पाहिजे. परंतु ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

विहारांशी संलग्न असलेल्या आपल्या अभ्यासमंडळांनी तालुकावार पांढरींची यादी करावी. बेचिराख गावांची नावे जुन्या महसुली दप्तरांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहेत. ताम्रपटांतील गावांची नावे त्यांच्याशी ताडून पाहावीत. ज्या टेकाडावर खापरे दिसतात त्याचा गट क्रमांक, छायाचित्र आणि स्थिती नोंदवावी, पण खापर उचलू नये, खणू नये. ही यादी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि ग्रामसभेकडे लेखी पोहोचवावी व पोच घ्यावी. राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत त्या जमिनीशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीला हरकत घेता येते. मोबदल्याविषयी लिहिणाऱ्या शेतकऱ्याने त्याच अर्जात आपल्या शेतातील पांढरीचाही उल्लेख करावा, एवढे त्याला समजावून सांगणे आपल्या हाती आहे. पालीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ग्रंथांबरोबर थरांचे आणि खापरांचे प्राथमिक शिक्षण मिळावे, अशी व्यवस्था आपल्या संस्थांनी करावी. प्रस्तुत लेखक विद्यापीठात पाली शिकला, तेव्हा त्याला नगरसुत्त पाठ होते, मात्र नगर कसे ओळखावे हे कोणी शिकविले नव्हते.

इरुकुडीच्या तळ्याकाठी इ.स. १११० मध्ये बुद्धप्रतिमेसमोर जे उभे राहिले असतील, त्यांची नावे ताम्रपटावर नाहीत. ते शेट्टी होते की शेतकरी, गावात राहणारे होते की गावकुसाबाहेरचे, हे आज कोणालाही सांगता येत नाही. त्यांच्या चुलींची राख मिरजेच्या परिसरातील कोणत्यातरी पांढरीत असेल. त्या पांढरीत यंत्र उतरण्यापूर्वी तिची नोंद कोणीतरी कागदावर करून ठेवावी आणि ती योग्य कचेरीत नेऊन द्यावी, एवढी अपेक्षा प्रस्तुत लेखक या नियतकालिकाच्या वाचकांकडून करीत आहे.